रीडिंग लिहायचं की 'बसवायचं'? (एसवाय बी.एस्सी. केमिस्ट्री)

ब्युरेटवाला
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावच्या कॉलेजात एसवायला (दुसऱ्या वर्षाला) आहे, विषय केमिस्ट्री. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आज प्रॅक्टिकलला परमँगनेटचं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून, रंग टिकेपर्यंत किती लागतं ते मोजायचं. पिपेटने १० मिली एन बाय टेन (०.१ नॉर्मल) ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात एक टेस्टट्यूब डायल्यूट सल्फ्युरिक, वाफा दिसेपर्यंत गरम करायचं आणि वरून ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या नळीतून) केएमएनओफोर, म्हणजे परमँगनेट. माझी तीन रीडिंग आली १०.८, १०.७, १०.८. सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) १०.८ लिहिला आणि जर्नल सहीला नेलं.

मॅडम म्हणाल्या, "दहाच्या आसपास यायला पाहिजे. परत कर." परत केलं. परत १०.८. तोवर पाच वाजून गेलेले, लॅबचे काका बर्नरचे गॅसचे नळ बंद करत फिरत होते. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने माझं जर्नल ओढलं, पेन्सिलीतला १०.८ खोडला, १०.० केला आणि म्हणाला, "सही घे आणि चल, एसटी जाईल." मी सही घेतली. एसटी मिळाली.

पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. प्रयोगाचं नाव काय आहे? 'दिलेल्या पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाची नॉर्मॅलिटी काढणे.' नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावण किती तीव्र आहे ते. ती ०.१ आहे (म्हणजे १० मिलीला १० मिलीच लागणार) हे आधीच ठरलेलं असेल तर काढायची कशाला? आणि माझं चुकलं असेल तर कुठे चुकलं, हे कोणी सांगेल का? वर्गात सगळ्यांची ९.९ ते १०.१ आलीत. म्हणजे लिहिलीत.


तिरकस
सोमवार, रात्री १०:५८

बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या मूळ प्रवाहात तुमचं स्वागत आहे. आमच्या वेळी याला 'बॅक कॅल्क्युलेशन' म्हणत. उत्तरापासून सुरुवात करून ब्युरेटपर्यंत यायचं. मी अख्खं टीवाय (तिसरं वर्ष) असंच केलं आणि फर्स्ट क्लास मिळाला. सध्या बँकेत आहे.


टीवाय_झालं_एकदाचं
सोमवार, रात्री ११:१५

+१. टायट्रेशन सोड, ऑर्गॅनिकला तर याहून मजा. ॲसिटॅनिलाइड बनवलं, फिल्टर पेपरसकट ओलंच वजन केलं, यील्ड (हिशेबाने मिळायला हवं त्यातलं किती मिळालं ते) आलं ११४ टक्के. योगायोगाने ॲसिटॅनिलाइडचा मेल्टिंग पॉइंटही ११४ च, त्यामुळे मित्राला वाटलं मी दोन रकाने एकमेकांत घातले. शेवटी सगळ्यांनी ७२ ते ७८ च्या मधले आकडे वाटून घेतले. मला ७४ मिळाला होता.


आयोडीन
सोमवार, रात्री ११:३२

कोनिकल फ्लास्क ऑक्झॅलिकने धुतला असणार. नव्वद टक्के पोरं हीच चूक करतात. ब्युरेट आणि पिपेट त्या त्या द्रावणाने धुवायचे, फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक राहिलं की रीडिंग वर जाणारच.


ब्युरेटवाला
मंगळवार, सकाळी ७:०५

नाही हो, फ्लास्क डिस्टिल्डनेच धुतला होता, आणि दर वेळी. डिस्टिल्डचा कॅन माझ्याच टेबलावर होता, त्यामुळे नक्की आठवतंय.


अर्धवट_पीएचडी
मंगळवार, दुपारी १:२०

आयोडीन, तुमचा मुद्दा बरोबर, पण इथे लागू होत नाही असं मला वाटतं. फ्लास्कमध्ये मागे राहणारं द्रावण दर वेळी वेगळं असतं. तसं असतं तर रीडिंग १०.३, ११.१, १०.६ अशी उड्या मारली असती. याची पाचेक रीडिंग १०.७ आणि १०.८ च्या बाहेर गेलेली नाहीत. हात चांगला आहे पोराचा. चूक असेल तर ती दर वेळी तेवढीच होणारी आहे.

आता दिशा बघा. परमँगनेट *जास्त* लागलंय. म्हणजे निम्मे संशयित इथेच सुटले. उदाहरणार्थ, फ्लास्क खूप तापवला, उकळीच आणली, तर ऑक्झॅलिक थोडं विघटित होतं आणि परमँगनेट *कमी* लागतं. ते बाद.

उरलेले संशयित बघू. ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा असेल तर एकच रीडिंग बिघडतं, सगळी नाही. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन भरला असेल, तर आत चिकटलेलं पाणी अर्धा-पाऊण मिली फार तर, ५० मिलीत त्याने ८ टक्क्यांचा फरक पडत नाही. ॲसिड कमी पडलं असेल तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसतो, मँगनीज डायऑक्साइडचा. सल्फ्युरिकऐवजी चुकून हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली असेल तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि नाकाला क्लोरीन कळतो.

ब्युरेटवाला, यातलं काही दिसलं का, हुंगलं का?


ब्युरेटवाला
मंगळवार, रात्री ९:४०

गढूळ झालं नव्हतं, वासही नव्हता. पहिले दोनचार थेंब रंग जायला वेळ लागला, मग पटापट जायला लागला. शेवटी फिका गुलाबी अर्धा मिनिट टिकला. रीडिंग वरच्या कडेचं घेतलं, कारण परमँगनेट गडद असल्यामुळे खालचा मेनिस्कस (द्रावणाच्या पृष्ठभागाचा बाक) दिसत नाही. सुरुवातीचंही वरच्याच कडेचं.


अर्धवट_पीएचडी
मंगळवार, रात्री १०:१०

सगळं पुस्तकाबरहुकूम. सुरुवातीला वेळ लागतो तो मँगनस आयन तयार होईपर्यंत, मग तोच उत्प्रेरकाचं काम करतो. म्हणजे फ्लास्कमध्ये काही गडबड नाही. आता दोनच गोष्टी उरतात, आणि दोन्ही तुझ्या हातातल्या नाहीत. एक, ऑक्झॅलिक ०.१ पेक्षा जास्त आहे. दोन, परमँगनेट ०.१ पेक्षा कमी आहे.

पहिली शक्यता अगदीच टाकाऊ नाही. ऑक्झॅलिकच्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू असतात, ते धरून लिटरला ६.३ ग्रॅम घेतो आपण. बाटली जुनी असेल आणि कोरड्या हवेत स्फटिकांचं पाणी उडालं असेल, तर तेवढ्याच वजनात ॲसिड जास्त येतं. पण माझा संशय दुसऱ्यावर आहे.


लोटेकर
मंगळवार, रात्री ११:५०

सेकंड शिफ्ट संपवून आत्ता वाचलं. लोटे एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) आहे, नऊ वर्षं झाली. मीही असाच तालुक्याच्या कॉलेजातून आलोय.

पहिलं म्हणजे, ती बाटली ओतून टाकू देऊ नका! काकांना उद्या सकाळी पहिलं हे सांग. आमच्याकडे एखादं रीडिंग स्पेसिफिकेशनच्या बाहेर गेलं (आम्ही त्याला ओओएस म्हणतो) की पहिला नियम हाच: सॅम्पल, द्रावण, फ्लास्क, काही फेकायचं नाही. फेकलं की तपास संपला. मग परत टायट्रेशन करून 'बरं' रीडिंग मिळवायलाही परवानगी नसते. आधी कारण शोधायचं, मग सही घेऊन पुढे.

दुसरं, ते पेन्सिल आणि खोडरबर. भावा, मी कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात वजनाचा आकडा हातावर लिहिला, बॅलन्सपाशी रजिस्टर नव्हतं म्हणून. नंतर रजिस्टरमध्ये नीट, सुवाच्य अक्षरात उतरवला. आकडा शंभर टक्के खरा होता. तरी मेमो मिळाला. कारण मूळ नोंद माझ्या हातावर होती आणि ती मी जेवायच्या आधी धुऊन टाकली. आमच्याकडे व्हाइटनर आत न्यायला बंदी आहे, पेन्सिलही नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा, सही, तारीख आणि कारण. एचपीएलसीच्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्युटरमध्ये कोणी कधी काय बदललं याची वेगळी नोंद आपोआप होत असते, ती आपल्याला पुसता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएचे लोक येतात तेव्हा ते औषध कमी आणि ही नोंदच जास्त बघतात.

कॉलेजची तीन वर्षं आकडे बसवायला शिकलो, आणि नोकरीचे पहिले सहा महिने ते विसरायला गेले. इंटरव्ह्यूला येणाऱ्या पोरांना मी हल्ली एकच विचारतो: तुझं टायट्रेशन कधी चुकलं होतं, आणि का? बहुतेक म्हणतात, कधीच नाही सर.


निशिगंध
बुधवार, सकाळी ११:०५

मी सीनियर कॉलेजात एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले. तेव्हा ही बाजूही ऐका, आणि मला झोडायचं तर खुशाल झोडा.

एका बॅचला वीस मुलं, ब्युरेट सोळा, त्यातले चार गळके. डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट उन्हाळ्यात पाण्याअभावी बंद. फ्यूम हूडचा पंखा आवाज करतो, हवा ओढत नाही. जागा भरलेल्या नाहीत, म्हणून अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर, त्यांना या कॉलेजातून त्या कॉलेजात पळायचं असतं. त्यात वार्षिक प्रॅक्टिकलला एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात. गुण कशाला? माझ्या केंद्रावर आम्ही लावायचो ते असं: ठरलेल्या रीडिंगपासून ०.२ पर्यंत फरक असेल तर पूर्ण गुण, पुढे उतरती भाजणी. पद्धतीला, निरीक्षणाला जेमतेम. मुलं मूर्ख नसतात. ज्याला गुण आहेत ते ती देतात.

मीसुद्धा सांगितलंय मुलांना, "दहाच्या आसपास येतं हं." चांगल्या हेतूने. ज्याचं येत नाही त्याने घाबरू नये म्हणून. पण ते वाक्य तोंडातून गेलं की प्रयोग तिथेच संपतो, हे मला उशिरा कळलं. शेवटच्या पाचसहा वर्षांत मी द्रावणं मुद्दाम वेगवेगळी करून ठेवायला लागले. 'अ' बाटली ०.०९, 'ब' ०.११, 'क' ०.१. कोणाला कुठली ते फक्त माझ्या वहीत. पहिल्या वर्षी मुलं रडकुंडीला आली. लेखी तक्रार गेली माझ्याविरुद्ध प्राचार्यांकडे, की मॅडम चुकीची द्रावणं देतात.

तुमच्या प्रश्नाबद्दल: मलाही परमँगनेटचाच संशय आहे. ते प्रायमरी स्टँडर्ड नाही, म्हणजे नुसतं तोलून नेमक्या तीव्रतेचं द्रावण त्याचं करता येत नाही. ३.१६ ग्रॅम तोलून लिटरभर केलं म्हणून ते ०.१ होत नाही. पाण्यातला सेंद्रिय कचरा त्याला खातो, मँगनीज डायऑक्साइड तयार होतं, आणि ते आणखी परमँगनेटच्या विघटनाला मदत करतं. म्हणून द्रावण उकळून, रात्रभर ठेवून, काचेच्या लोकरीतून गाळतात (कागदातून नाही, कागदालाच ते खातं) आणि तपकिरी बाटलीत अंधारात ठेवतात. बाटली रिकामी झाल्यावर आतल्या भिंतीला तपकिरी थर दिसतो का बघा.

अवांतर: हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि संयुगांतून मिळवलेला नायट्रोजन यांच्या घनतेत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेला साधारण अर्ध्या टक्क्याचा फरक येत होता. त्याने तो बसवला नाही. १८९४ मध्ये त्यातून आर्गॉन हा नवा वायू निघाला आणि १९०४ मध्ये रॅले आणि त्याच्यासोबत काम केलेला रॅम्झी दोघांना नोबेल.


तिरकस
बुधवार, सकाळी ११:३०

रॅलेला साडेपाचची एसटी नव्हती.


ब्युरेटवाला
बुधवार, सकाळी ११:४१

खिक्. सव्वापाचची होती, पण मुद्दा पोचला.


बारावीची_आई
बुधवार, दुपारी ३:१५

धागा फार छान चाललाय, पण वाचून धडकी भरली. माझ्या मुलीला केमिस्ट्रीच घ्यायची आहे. सीईटीचे मार्क चांगले आहेत, फार्मसीला सहज मिळेल. सगळे म्हणतात नुसतं बी.एस्सी. करून काय होणार? इथल्या मंडळींना काय वाटतं?


टीवाय_झालं_एकदाचं
बुधवार, दुपारी ३:५०

काकू, तिला खरंच आवडत असेल तर घेऊ द्या, पण तिसऱ्या वर्षापर्यंत थांबून 'आता पुढे काय' असं करू नका. दुसऱ्या वर्षापासून जॅमचा अभ्यास सुरू करायला सांगा. आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश त्यावर होतो. ६० प्रश्न, १०० गुण, ३ तास. त्यातले २० प्रश्न असे की पर्यायच नसतात, आकडा काढून टाइप करायचा. मी पहिल्यांदा दिली तेव्हा तिथेच झोपलो, कारण तीन वर्षांत एकही आकडा स्वतः काढलेला नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात झालं.

आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका. एखाद्या आठवड्याच्या दिवशी दुपारी जाऊन प्रयोगशाळेत डोकावा. टेबलं ओली असतील, वास येत असेल, पोरं उभी असतील तर घ्या.


निशिगंध
बुधवार, सायंकाळी ५:२०

त्या ओल्या टेबलांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. शिवाय मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठी 'एनआययूएस' नावाचा उपक्रम आहे, केमिस्ट्रीसाठीही. खेड्यातल्या कॉलेजांत त्याचं पत्रक नोटीस बोर्डावर लागतच नाही. मुलीला स्वतः शोधायला लावा.


संपादक
बुधवार, सायंकाळी ६:००

करिअरच्या चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर राहू या.


अर्धवट_पीएचडी
बुधवार, रात्री ९:१५

मूळ विषयावर येतो. दोन शक्यतांमधली कुठली खरी, हे अंदाजाने ठरवायचं नाही. ब्युरेटवाला, कॉलेजात मोहर्स सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेलच. ३.९२ ग्रॅम तोल, थोडं डायल्यूट सल्फ्युरिक घालून विरघळव आणि १०० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भर. झालं एन बाय टेन. त्याचं १० मिली घेऊन त्याच बाटलीतल्या परमँगनेटशी टायट्रेट कर. गरम करायची गरज नाही.

दहा आलं तर ऑक्झॅलिक दोषी. परत १०.८ च्या जवळ आलं तर परमँगनेट दोषी. मोहर्स सॉल्ट जुनं असेल, थोडं ऑक्सिडाइझ झालेलं असेल, तर रीडिंग *खाली* येईल, वर नाही. म्हणजे वर आलं तर शंकेला जागाच नाही.


लोटेकर
बुधवार, रात्री ११:५५

हे झकास. आणि वजनाचा आकडा हातावर लिहू नको.


ब्युरेटवाला
शुक्रवार, रात्री ८:३०

मंडळी, अपडेट.

काकांना बुधवारीच फोन करून बाटली ठेवायला सांगितली होती. ते म्हणाले, "ती कोण टाकतंय, अजून अर्धी आहे." आज शेवटचा तास ऑफ होता. मॅडमना विचारलं, मोहर्स सॉल्टने तपासून बघू का? त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बघ, पण काचसामान फोडू नको."

३.९२ ग्रॅमला मला ३.९१ मिळालं, बॅलन्सचा शेवटचा आकडा नाचत होता. तेच लिहिलं. रीडिंग १०.७, १०.८, १०.७. कोल्ड. काहीही तापवलेलं नाही.

मग काकांनी बाटलीतलं द्रावण दुसरीकडे ओतून बाटली उजेडात धरली. आत बुडापासून गळ्यापर्यंत तपकिरी थर, चहाच्या गाळणीला बसतो तसा. साधी पांढरी काच, आणि ठेवायची जागा खिडकीतली. द्रावण केलं कधी? काका म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीआधी असेल." म्हणजे ०.१ कधी होतं कोण जाणे, माझ्या हिशेबाने आता ०.०९२६ आहे. लिटरला ३.१६ च्या जागी २.९३ ग्रॅम.

काकांनी नवीन केलं. वेळ कमी होता म्हणून उकळून, गार करून, काचेच्या लोकरीतून गाळून लगेच वापरलं. त्याला ऑक्झॅलिकने १०.१ आलं. ऑक्झॅलिक निर्दोष.

म्हणजे सोमवारी त्या बाटलीला १०.८ च यायला हवं होतं. सगळ्यांना.


आयोडीन
शुक्रवार, रात्री ८:४५

दंडवत. फ्लास्कचा आरोप मागे घेतो.


निशिगंध
शुक्रवार, रात्री ९:१०

शाब्बास रे. मॅडम काय म्हणाल्या?


ब्युरेटवाला
शुक्रवार, रात्री ९:३५

बराच वेळ काही नाही. बाटली हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "मी सकाळी एका कॉलेजला असते, दुपारी इथे. द्रावण कोणी कधी केलं मला कसं कळणार?" रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या असं वाटलं. निशिगंध मॅडम, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मला त्यांचा रागच आला असता.

जर्नलचं मी विचारलं. म्हणाल्या, सही झालेली आहे, राहू दे. मी म्हटलं, एक रेघ मारू का? मग लोटेकरदादांनी सांगितलं तसं १०.० वर एक आडवी रेघ, शेजारी १०.८, तारीख, माझी सही, आणि कारण: 'परमँगनेट विघटित'. मॅडमनी ते वाचलं आणि खाली त्यांचीही सही केली.

बॅचमधली पोरं मात्र माझ्याशी बोलत नाहीयेत. सोमवारी सगळ्यांना नवीन बाटलीने परत करायचंय.


तिरकस
शुक्रवार, रात्री ९:५०

एक प्रामाणिक शंका, टवाळी नाही. एक्सटर्नलला असं झालं तर काय लिहायचं? तिथे ०.२ च्या बाहेर गेला की गुण गेले.


निशिगंध
शुक्रवार, रात्री १०:२५

आलेलं रीडिंग लिहायचं आणि परीक्षकांना तिथल्या तिथे, नम्रपणे सांगायचं की माझी रीडिंग एकसारखी आहेत, द्रावण तपासून बघाल का. दोनदा मी परीक्षक असताना मुलांनी असं सांगितलं. एकदा मुलगा बरोबर निघाला. एकदा त्याने पिपेट फुंकून शेवटचा थेंबही पाडला होता, म्हणून जास्त येत होतं. दुसऱ्याचे गुण कापले मी, पण व्हायवाला त्यालाच जास्त दिले. प्रत्येक परीक्षक असं करेल याची हमी मी देऊ शकत नाही.


लोटेकर
शनिवार, रात्री १२:०५

ब्युरेटवाला, तीन वर्षांनी लोट्याला ये. इंटरव्ह्यूचा प्रश्न तुला माहीतच आहे.


ब्युरेटवाला
शनिवार, सकाळी ७:२०

नक्की येईन दादा. गुरुवारी आयोडोमेट्री (थायोसल्फेटचं टायट्रेशन) आहे. काल निघताना थायोसल्फेटची बाटली बघून आलो. लेबलवर 'एन बाय टेन' लिहिलंय. तारीख नाही. आणि ठेवलीय त्याच खिडकीत.